खांबाला बांधलेली गाडी

"हे कुलूप आज घरी ठेव," इसाबेल म्हणाली. "पिकनिकला चाललोय आपण, शटडाऊनला नाही."

डेव्हिड तुस्कानोने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि लाल कुलूप पँटच्या खिशात सरकवलं. त्याची एकुलती एक किल्ली त्याच्या गळ्यातल्या साखळीत होती, क्रॉसच्या शेजारी. क्रॉस वसईहून निघताना आईने घातलेला, किल्ली रास अल खैमातल्या टाइल्सच्या कारखान्याने दिलेली. दोन्हींवर त्याची श्रद्धा सारखीच होती.

डेव्हिड त्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. मशीन दुरुस्तीला काढलं की वीज बंद करायची, स्विचला आपलं लाल कुलूप घालायचं, आणि ज्याने घातलं त्यानेच ते काढायचं. दुसऱ्या कुणी, अगदी मालकानेसुद्धा, हात लावायचा नाही. कारण एक माणूस मशीनच्या पोटात असताना दुसऱ्याने बटण दाबलं, तर पहिल्याचं घरच्यांनी ओळखावं असं काही उरत नाही. कुलूप बारा दिरहमचं, म्हणजे तीनशे रुपयेही नाहीत. त्या कुलपाच्या जिवावर डेव्हिडने बावीस वर्षं कारखान्यात कुणाचं बोट तुटू दिलं नव्हतं. याबद्दल कुणी त्याचे आभार मानले नव्हते. न तुटलेल्या बोटाचे आभार कोण मानतो?

घरी मात्र या कुलपाने वैताग आणला होता. गेल्या उपवासकाळात गीझरमधून करंट येतो अशी शंका आल्यावर डेव्हिडने शारजातल्या अल मजाजच्या फ्लॅटमध्ये गीझरच्या स्विचला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात घेऊन कारखान्यात शटडाऊनच्या दुरुस्तीला निघून गेला. आठवडाभर बायको इसाबेल आणि मुलगी लॅरिसा गार पाण्याने कुडकुडत होत्या. तेव्हा लॅरिसा म्हणाली होती, "डॅड, लेंट इज सपोज्ड टू बी व्हॉलंटरी."

"हात जोडते तुला," इसाबेल फुग्यांचा डबा बांधत म्हणाली. काल संध्याकाळची चर्चमधली मिसा उरकून आल्यावर बसून तिने पिठाचे ते फुगीर गोळे तळले होते. "तो प्रल्हाद सर असणार तिथे. एक दिवस, फक्त एक दिवस, कुणाला अडवू नको. हे करू नका, ते काढा, तिथे उभे राहू नका, काही नको. लॅरिसाची शेवटची परीक्षा जूनमध्ये. तुझी नोकरी गेली की कंपनी भरते ती तिची फी गेली, व्हिसा गेला, सगळं खलास. आणि तो मराठी आहे, डेव्हिड. आपला माणूस आहे. गोड बोलशील तर सांभाळून घेईल."

प्रल्हाद सबनीस कंपनीत येऊन एक हिवाळाही झाला नव्हता. त्याच्या पदाचं नाव 'ट्रान्सफॉर्मेशन हेड'. तो आल्यापासून माणसं कमी होऊ लागली होती आणि पोस्टर वाढू लागली होती. पुढचा नंबर सेफ्टीचा, अशी कँटीनमध्ये कुजबुज होती.

"नाही अडवणार," डेव्हिड म्हणाला.

"माउलीची शपथ घे."

त्याने घेतली. तिथेच घोटाळा झाला.

कॅम्प रास अल खैमाच्या डोंगरांखाली होता. वाळू, दगड, चार काटेरी झाडं आणि ओळीने उभ्या केलेल्या कॅरव्हान. प्रत्येक कॅरव्हानशेजारी कमरेएवढा एक खांब, त्यात पेटी, पेटीत निळं सॉकेट. कंपनीने फॅमिली डेसाठी अख्खा कॅम्प भाड्याने घेतला होता. कॅम्पची मॅनेजर मुनिबा म्हणून एक कराचीची बाई होती. बुकिंगच्या वेळीच तिने ठणकावून सांगितलं होतं, "बिजली की ज़िम्मेदारी आपके सेफ्टी ऑफिसर की। कुछ जला तो लाइसेंस मेरा जाएगा, आपके साहब का नहीं।" त्यावर डेव्हिडने सही केली होती. सहीची जबाबदारी आली की ती डेव्हिडकडेच यायची. बढती कधी त्याचा पत्ता शोधत आली नाही.

फाटकावर मोठा बॅनर होता, 'वी आर वन फॅमिली'. फॅमिली रस्सीखेच खेळत होती. सगळे जरा जास्तच मोठ्याने हसत होते, आणि हसताना साहेब आले का, म्हणून फाटकाकडे बघत होते.

साहेब आले ते नव्याकोऱ्या इलेक्ट्रिक गाडीतून. पांढरी, गुळगुळीत, आवाज नाही. अर्ध्याच बॅटरीवर दुबईहून निघून एसी फुल ठेवून दामटल्यामुळे ती तळाला लागली होती.

"अरे, सेफ्टी! डेव्हिड ना?" प्रल्हादने डिकीतून केबल काढून त्याच्या हातात कोंबली. "कॅन यू प्लीज प्लग इट इन समव्हेअर?"

"लावतो की सर. जरा सॉकेट बघून लावतो."

प्रल्हाद थबकला. "अहो, तुम्ही मराठी बोलता? तुस्कानो, आणि मराठी?"

"आमचे आजोबा शिव्यासुद्धा मराठीतच द्यायचे, सर."

"वंडरफुल!" प्रल्हाद म्हणाला. त्या आजोबांनी त्याला काय म्हटलं असतं, ते डेव्हिडने मनात म्हणून घेतलं.

त्याने प्लग निळ्या सॉकेटमध्ये घातला. प्लग हलला. पडायला आलेला दात हलावा तसा. आतली पकड सैल असली की वीज तिथे घासत जाते, जागा तापत जाते, आणि ब्रेकरला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या लेखी सगळं ठीक चाललेलं असतं. मॅनेजमेंटचं असतं तसंच.

"सर, हे सॉकेट सोळा अँपिअरचं आहे, पण तासन्‌तास सोळा ओढायचे नसतात. त्यात हे सैल आहे. दुसऱ्या खांबावर लावू. तिथेही गाडीच्या स्क्रीनवर दहावर ठेवू, आणि त्या कॅरव्हानचा एसी..."

"दहावर ठेवलं तर चार्ज कधी होईल?"

"उद्या सकाळपर्यंत बऱ्यापैकी होईल."

"उद्या?" प्रल्हाद हसला. "डेव्हिड, मला संध्याकाळी दुबईत डायरेक्टर्सबरोबर डिनर आहे. आणि दुसऱ्या खांबावर कशाला? माझी कॅरव्हान हीच, सावली इथेच." त्याने फोन काढला, बोट फिरवलं. "हे बघा, मॅक्स केलं. ट्रस्ट द टेक्नॉलॉजी."

डेव्हिडने तोंड उघडलं. समोर रस्सीखेचीच्या पलीकडे इसाबेल उभी होती. तिने नुसते हात जोडले आणि आभाळाकडे बघितलं. डेव्हिडने तोंड मिटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. भट्टीच्या तोंडाशी सिगरेट पेटवणाऱ्या जर्मन इंजिनिअरला त्याने अडवलं होतं, मालकाच्या मेहुण्याला हेल्मेट नाही म्हणून फाटकाबाहेर उभं केलं होतं. आज त्याने डोळ्यांदेखत चूक होऊ दिली आणि पेटीचं दार लोटून घेतलं. केबल दाराखालच्या खाचेतून बाहेर आली आणि गाडीच्या अंगात शिरली.

प्रल्हाद कॅरव्हानमध्ये गेला, एसी लावला आणि एकेकाला आत बोलवायला लागला.

"चॅट आहे," ॲडमिनची अर्चना सांगत फिरत होती. "इन्फॉर्मल चॅट. घाबरू नका."

पहिला आत गेला तो गोदामाचा रॉबिन. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कॉफीचा मग होता. मगावर छापलेलं, 'वी आर वन फॅमिली'. रॉबिन सरळ आपल्या गाडीत जाऊन बसला. काच वर केली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. त्याची बायको तंबोल्याचा नंबर ऐकत होती. तिला वाटलं, झोपला.

मग दुसरा गेला, तिसरा गेला. जो बाहेर येई त्याच्या हातात मग. थोड्या वेळाने लोकांना हिशेब कळला आणि मैदानात मगाची भीती पसरली. ऑफिसात बोलावून काढलं तर माणसं आरडाओरडा करतात, म्हणून या हरामखोराने सहलीला बोलावलं होतं, बायकापोरांसमोर, म्हणजे कुणी आवाज चढवणार नाही. बिर्याणीचा वास सुटला होता आणि माणसं मग पिशवीत लपवत होती.

"तुला बोलावलं?" इसाबेलने विचारलं.

"अजून नाही."

"बघ, मी म्हटलं नव्हतं? आपला माणूस आहे."

तेवढ्यात बिर्याणीवाल्याने आपलं जेवण गरम ठेवायचं यंत्र आणलं आणि एक्स्टेन्शन बोर्ड लावून जवळच्या खांबाला जोडलं. जवळचा खांब कुठला, ते सांगायला नको.

डेव्हिडला वास आला तेव्हा तो लिंबू-चमचा स्पर्धेचा पंच होता. बिर्याणीच्या वासाखालून येणारा, गोडसर, जळक्या प्लास्टिकचा वास. हा वास त्याला झोपेतही ओळखू आला असता. शिट्टी तोंडात तशीच ठेवून तो धावला. खांबाच्या पेटीचं दार उघडलं. निळं सॉकेट चॉकलेटी झालं होतं, कडेने फुगलं होतं, धुराची बारीक वेटोळी वर येत होती. शेजारच्या कॅरव्हानच्या पायरीवर कुणाचं तरी रांगतं पोर बसलं होतं.

शपथ गेली खड्ड्यात. डेव्हिडने ब्रेकर खाली ओढला, पेटीचं दार आपटलं, कडीत लाल कुलूप घातलं आणि दाबलं. 'कट्' आवाज झाला. आज दिवसभरात त्याला पहिल्यांदा बरं वाटलं.

कॅरव्हानचा एसी गचकन बंद पडला. दोन मिनिटांत प्रल्हाद घामाघूम होऊन दारात आला. "काय झालं?"

"आग लागली असती, सर. बंद केलंय."

"मग दुसरीकडे लावा आणि चालू करा. यल्ला!"

"प्लग सॉकेटमध्ये वितळून चिकटलाय. आता अधिकृत इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय ही पेटी उघडायची नाही."

प्रल्हाद गाडीकडे धावला. केबल सोडवायचं बटण दाबलं. एकदा, दहादा. गाडीने स्क्रीनवर लाल अक्षरात बिघाड दाखवला आणि केबल दाताखाली घट्ट धरून ठेवली. तो आत बसला, गिअर टाकला. गाडी जागची हलेना. केबल लागलेली असताना ही गाडी चालतच नाही, तशीच बनवलेली असते. गाडी बनवणाऱ्या कंपनीने आपल्याकडचा एखादा डेव्हिड अजून काढला नसावा.

"सर, गाढव बांधल्यासारखी बांधली गेलीय," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. मगवाल्यांपैकी असणार. ज्यांच्याकडे मग नव्हता ते अजून हसायला घाबरत होते.

"कुलूप काढा, डेव्हिड."

"नाही, सर."

इसाबेलने डोळे मिटले. लॅरिसा तिच्या कानाशी म्हणाली, "मॉम, लेट हिम. ही इज राइट."

"राइट आहे म्हणून तर मरणार आहोत," इसाबेल पुटपुटली.

मुनिबा आली. तिने पेटीच्या फटीतून वास घेतला, कुलूप बघितलं, प्रल्हादला खालून वर न्याहाळलं. "लॉक इनका है, यही खोलेंगे। कल मेरा इलेक्ट्रिशियन आएगा, ये साइन करेंगे, फिर आपकी गाड़ी तार समेत ट्रक पर चढ़ाएँगे। आज किसी ने हाथ लगाया, तो मैं सिविल डिफेन्स के फ़ायर वालों को फ़ोन करूँगी।"

"मॅडम, आय ॲम द हेड ऑफ..."

"होंगे, हबीबी। बॉक्स तो जल गया ना?"

संध्याकाळ झाली. प्रल्हादला दुबई गाठायची होती. त्या डोंगरात टॅक्सी फिरकत नव्हती. त्याने एकेकाला विचारलं, आणि गंमत म्हणजे सगळ्यांच्याच गाड्या भरलेल्या निघाल्या. बायकोबरोबर दोघंच आलेला रॉबिन म्हणावा, तर तोही "मागे सामान आहे, सर" म्हणाला. मागच्या सीटवर एक मग होता. बायको बिचारी पुढे.

"आमच्याबरोबर चला ना, सर," इसाबेल म्हणाली. "शारजापर्यंत सोडतो, पुढे टॅक्सी मिळेल. आपलेच आहात."

डेव्हिडची गाडी जुनी, पेट्रोलची. प्रल्हाद पुढे बसला, मायलेकी मागे.

"सीटबेल्ट," डेव्हिड म्हणाला.

शारजाच्या अलीकडे रविवारची गर्दी तुंबली. गाड्यांची लाल शेपटी क्षितिजापर्यंत. इसाबेलने डबा पुढे केला. "फुगे घ्या, सर. आमच्या वसईचे. कोंबडीच्या सुक्याबरोबर खातात, पण नुसतेही छान लागतात."

प्रल्हादने दोन खाल्ले. "वा! वहिनी, अगदी घरची आठवण आली." तिसरा उचलला, आणि बोटं चाटत म्हणाला, "खरं म्हणजे, डेव्हिड, आज तुमच्याशीही चॅट करायची होती. राहूनच गेली."

प्रल्हादने बोटं रुमालाला पुसली.

"तुम्ही समजून घ्याल. आपण सेफ्टी डिजिटल करतोय. एक ॲप येतंय. तुमची पोस्ट त्यात मर्ज होतेय. पर्सनल काही नाही. या महिन्याअखेर..."

त्याने पायाशी ठेवलेली पिशवी उघडली, तसाच एक कॉफीचा मग काढला आणि ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून हँडब्रेकजवळच्या खाचेत उभा केला. तिथे तो फिट्ट बसला.

मागून इसाबेलचा हात आला आणि फुग्यांचा डबा काढून घेऊन गेला. प्रल्हादचा चौथ्या फुग्याकडे गेलेला हात हवेत राहिला.

"वेट," लॅरिसा म्हणाली. "यू जस्ट फायर्ड हिम? इन हिज ओन कार? व्हाइल ही इज ड्रॉपिंग यू होम?"

प्रल्हाद काचेतून बाहेर बघायला लागला.

"डेव्हिड," इसाबेलचा आवाज फाटला होता, "उतरव याला. इथेच."

डेव्हिडलाही तेच वाटत होतं. दार उघडावं, कॉलर धरावी आणि या माणसाला गाड्यांच्या महापुरात सोडून द्यावं. त्याने आरशात बघितलं, डाव्या-उजव्या लेनकडे बघितलं.

"हायवेवर माणूस उतरवता येत नाही," तो म्हणाला. "अनसेफ आहे."

इसाबेल रडायला लागली. नवरा बेकार झाला म्हणून की असला नवरा पदरात पडला म्हणून, तिचं तिलाच कळत नव्हतं.

प्रल्हादचा फोन वाजला. मुनिबा होती. गाडी पुढे सरकत नव्हती आणि तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "कल इलेक्ट्रिशियन आ रहा है। आपका सेफ्टी ऑफिसर चाहिए, साइन के लिए। पक्का?"

"हां हां, डेव्हिड आ जाएगा।"

"नाही," डेव्हिड म्हणाला.

"म्हणजे?"

"सेफ्टी ऑफिसरची सही लागते. मी तर मर्ज झालो."

प्रल्हादने फोन खाली ठेवला. "अहो, महिनाअखेरीपर्यंत आहात तुम्ही."

"आहे ना. माझी रजा साठलीय ढीगभर. उद्यापासून घेतो."

"मग आम्ही कुलूप कापू."

"कापा. नियमात सोय आहे. कुलूप घालणारा हजर नसेल तर कापायच्या परवानगीवर सेफ्टी ऑफिसरची सही घ्यायची."

"आणि तो कोण?"

"तोही मीच. माझ्यानंतर ॲप. ॲपच्या बोटाने सही होते का, ते बघा."

गाडी जराशी पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. प्रल्हाद मूर्ख नव्हता, नुसता वाईट होता. अवघ्या दोन महिन्यांची गाडी कंपनीच्या लीजवर होती. ती रास अल खैमात खांबाला का बांधलीय, हे डायरेक्टर्सनी विचारलं असतं. मग प्लग कुणी लावायला सांगितला, मॅक्स कुणी केलं, हेही विचारलं असतं.

"साधारण किती दिवस लागतील या सगळ्याला?" त्याने विचारलं.

"तपासणी, परवानगी, हँडओव्हर. बऱ्याच सह्या आहेत, सर. इन्शाल्ला, होईल."

आयुष्यभर डेव्हिडने हा शब्द ऐकला होता. व्हिसाच्या खिडकीवर, पगारवाढीच्या वेळी, घरमालकाकडून. स्वतःच्या तोंडून तो पहिल्यांदाच निघाला आणि जिभेला गोड लागला.

"इन्शाल्ला म्हणजे कधी?"

डेव्हिडने आरशात बघितलं. लॅरिसा आईचा हात धरून बसली होती.

"जूनपर्यंत," तो म्हणाला.

मग प्रल्हादने घसा साफ केला. "आणि समजा, पोस्ट जूनपर्यंत ठेवली तर?"

"मग ऑफिसर जागेवर असेल. ऑफिसर असला की सह्या एका सकाळीत होतात."

प्रल्हादने फोन उचलला. मान खाली घालून टाइप करत राहिला, आणि पाठवण्याआधी स्क्रीन डेव्हिडसमोर धरला. डेव्हिडने बघितलं नाही.

"गाडी चालवताना वाचत नाही. लॅरिसा, तू वाच."

लॅरिसाने वाचलं. "एंड ऑफ जून, डॅड. फी इन्क्लूडेड." आणि मग, कुठून कोण जाणे, मराठीत म्हणाली, "पाठवू दे."

अल मजाजला तलावाच्या कडेला प्रल्हाद उतरला. कॉफीचा मग तेवढा गाडीतच राहिला.

सकाळी डेव्हिड निघाला तेव्हा इसाबेल लिफ्टपर्यंत आली. डोळे सुजले होते. तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडून साखळी चाचपली. क्रॉस होता. किल्ली होती.

"जूननंतर काय?" तिने विचारलं.

"जूननंतर वसई."

"तिथे काय करणार तू?"

लिफ्ट आली. "येताना कुलूप विसरू नको," ती म्हणाली.

कॅम्पवर जाण्याआधी त्याला कारखान्यातून सहीचे कागद घ्यायचे होते. फाटकावर कालची मगवाली माणसं रांगेत उभी होती, ओळखपत्रं परत द्यायला. रॉबिन सगळ्यात पुढे होता. डेव्हिडने आपलं कार्ड दाखवलं, मशीन हिरवं झालं, आणि तो खाली मान घालून आत गेला. त्या रांगेत कुणाच्याही खिशात कुलूप नव्हतं.